गायकवाड बाईंचा माउस मी काढून घेतला

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी एका आजोबांच्या टेबलाखाली होते. कॉम्प्युटर बघायला जाणारं माणूस निम्मा वेळ टेबलाखालीच असतं, कारण 'कॉम्प्युटर बंद पडलाय' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा पाय लागून निघालेल्या पिनेत असतं. बाईंना दिवाळी अंकासाठी रोजच्या वापरातल्या सोप्या युक्त्या हव्या होत्या. छोट्या, चौकटीत बसतील अशा. मी टेबलाखालूनच हो म्हटलं आणि नंतर लिहायला बसले तर जमेना. युक्ती सांगितली की माणूस मान डोलावतो, 'वा, हे माहीतच नव्हतं' म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायला फोन करतो. कुणाची तरी अडचण डोळ्यांसमोर सुटलेली पाहिली तर मात्र ती लक्षात राहते. म्हणून मी गायकवाड बाईंची हकिकत सांगणार आहे. युक्त्या वाटेत येतील, त्या ज्याच्या त्याने उचलून घ्याव्यात.

आधी माझ्याविषयी थोडं. मला सगळे लिमये मॅडम म्हणतात. सहकारनगरात माझा कॉम्प्युटर क्लास होता आणि एके काळी तिथे जिन्यात चपला काढायला जागा नसायची. मग फोनच कॉम्प्युटर झाला, मुलं क्लासला येईनाशी झाली, आणि मी क्लासची जागा सोडून लोकांच्या घरी जायला लागले. माझी गिऱ्हाइकं म्हणजे ज्येष्ठ नागरिक, छोटे दुकानदार आणि घरून काम करणाऱ्या बायका. मुलं असतात यांना, पण ती अमेरिकेत असतात नाहीतर वाघोलीत, आणि आईवडिलांचा कॉम्प्युटर बघायला यायचं म्हटलं की ही दोन्ही अंतरं सारखीच पडतात.

लोकांना वाटतं मी यंत्र दुरुस्त करते. यंत्र फारसं बिघडत नाही हो. समोरच्या माणसाने त्या यंत्राशी काय नातं जुळवलंय ते शोधून काढावं लागतं, आणि ते प्रत्येक घरी वेगळं असतं. नारायण पेठेतल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचा कॉम्प्युटर हळू चालत होता. मी बघितलं तर रिसायकल बिन, म्हणजे नको असलेल्या फाइली जिथे जाऊन पडतात ती कचरापेटी, काठोकाठ भरलेली. मी म्हटलं, आधी ही रिकामी करू. ते ताडकन उठलेच. म्हणाले, "तुम्ही तुमच्या घरचा माळा दर महिन्याला रिकामा करता का?" त्यांचा हिशेब सरळ होता. रोज लागत नाही पण टाकवतही नाही असं सगळं त्यांनी वर्षानुवर्षं डिलीट करून तिथे नीट ठेवलं होतं. घराचं करारपत्र, मुलीच्या लग्नाचे फोटो, सगळं कचऱ्यात, आणि अत्यंत सुरक्षित असल्याच्या समाधानात. मी त्यांना 'माळा' नावाचं एक फोल्डर करून दिलं आणि सगळं तिकडे हलवलं. तेव्हापासून माझा नियम असा आहे, की मालकाला विचारल्याशिवाय बिन रिकामी करायची नाही. तुम्हीही आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर हात चालवण्याआधी विचारा. आणि चुकून काही डिलीट झालंच, तर घाबरून इकडेतिकडे क्लिक करण्यापूर्वी कंट्रोल आणि झेड एकदम दाबा. बहुतेक वेळा गेलेलं परत येतं.

गायकवाड बाई माझ्या जुन्या विद्यार्थिनी. त्या मुळात टायपिस्ट. टाइपरायटरचे दिवस संपत आले तेव्हा त्या माझ्या क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकायला आल्या. वेग असा, की बाकीची मुलं आपलं काम थांबवून ऐकत बसायची. एकच खोड होती. टाइपरायटरवर ओळ संपली की रूळ मागे ढकलावा लागतो, त्या सवयीने त्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर दाबायच्या. मी ओरडायचे, बाई, कॉम्प्युटर स्वतःच खालच्या ओळीवर जातो, त्याला ढकलू नका. त्या हसायच्या आणि पुढच्या ओळीला पुन्हा दाबायच्या. ती खोड शेवटपर्यंत गेली नाही, आणि आता मी नाद सोडलाय.

ताडीवाला रोडला त्यांचं घर आहे. मिस्टर गेल्यावर पुढची खोली त्यांनी कामासाठी केली. टेबलावर कॉम्प्युटर, बाजूला प्रिंटर, कपाटावर छोटी बुद्धमूर्ती आणि येणाऱ्यांसाठी खुर्च्या. वकिलांची प्रतिज्ञापत्रं, विद्यार्थ्यांचे प्रबंध, विहाराच्या कार्यक्रमपत्रिका, सोसायट्यांची इतिवृत्तं, सगळं मराठी टायपिंग त्यांच्याकडे यायचं. माणसं समोर बसून तोंडी सांगायची आणि बाई टाइप करायच्या. मी कधी गेले तर कुणी ना कुणी खुर्चीवर बसलेलं असायचंच.

एक दिवस त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "मॅडम, माझा कॉम्प्युटर घेऊन जाल का? तुमच्याकडे कुणी गरजू असेल तर त्याला द्या." मला वाटलं, नवीन घेतायत. म्हटलं, येते.

दार उघडून त्या माझ्याशी हसल्या, पण बघत होत्या माझ्या कानाकडे. मी मागे वळून पाहिलं, मागे कुणी नव्हतं. चहा ठेवताना त्यांनी सांगितलं. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा आजार होता. जिथे थेट बघावं तिथेच मधोमध डाग दिसतो, कडेकडेचं थोडं दिसतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की पूर्ण अंधार होणार नाही, पण वाचन आता परत येणार नाही आणि चष्म्याचा उपयोग नाही. हे बरेच दिवस चाललं होतं आणि त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. अंदाजाने काम रेटत होत्या. मग देशमुख वकिलांच्या एका प्रतिज्ञापत्रात जमिनीचा गट नंबर चुकला. टाइप करून झाल्यावर नेहमीसारखा तपासला असता तर सापडला असता, पण तपासणार कसा? कोर्टात वकीलसाहेबांना ऐकून घ्यावं लागलं. ते बाईंना फक्त एवढंच म्हणाले की होतं असं कधी कधी. त्यानंतर त्यांचा फोन आला नव्हता.

मुलगी प्रज्ञा वाघोलीला राहते, आयटीत आहे. तिला आणि डॉक्टरांना सोडून हे फक्त मला माहीत, असं बाई म्हणाल्या. प्रज्ञाचं म्हणणं होतं की पुरे झालं आता. तिने आईसाठी एक खोलीही तयार केली होती. माझ्यासमोरच तिचा फोन आला तेव्हा ती म्हणत होती, "आई, किती वर्षं टाइप करणार आहेस अजून? जस्ट चिल कर ना यार, माझ्याकडे ये." पोरीच्या बोलण्यात माया होती, त्याबद्दल मला शंका नाही.

फोन ठेवून बाई म्हणाल्या, "मॅडम, आत्ता लोक माझ्याकडे कामासाठी येतात. हे थांबलं की फक्त तब्येत विचारायला येतील. मला ते नाही सोसणार."

मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. आयुष्यभर बोटांवर कमावलेलं काम डोळ्यांपायी जाणार हे मला पटेना. मी म्हटलं, कॉम्प्युटर मी नेणार नाही, उलट आता रोज येणार.

इथे वाचकांसाठी थोडं थांबते. कमी दिसणाऱ्यांसाठी कॉम्प्युटरमध्येच बऱ्याच सोयी दिलेल्या असतात, वेगळं काही विकत आणावं लागत नाही. कीबोर्डवर खालच्या रांगेत डावीकडे खिडकीचं चिन्ह असलेलं बटण असतं. ते दाबून ठेवून अधिकचं चिन्ह दाबलं की पडद्यावरचं सगळं मोठं होतं, भिंग धरल्यासारखं. तेच बटण आणि एस्केप दाबलं की भिंग जातं. सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं मोठी करता येतात, माउसचा बाण मोठा आणि पिवळाजर्द करता येतो, पांढऱ्या पडद्याने डोळे दिपत असतील तर काळ्यावर पांढरी अक्षरं करता येतात. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने यातलं एखादं तरी करून बघावं. लोक वर्षानुवर्षं मान पुढे काढून, डोळे बारीक करून बसतात आणि मग मानेला पट्टा लावतात.

बाईंच्या कॉम्प्युटरवर मी हे सगळं केलं. पहिल्या दिवशी त्या खूश झाल्या. बाण एवढा मोठा केला होता की शेजारणीने काय आहे ते म्हणून विचारलं. पण पुढच्या वेळी गेले तर चेहरा उतरलेला. भिंगात एका वेळी जेमतेम दोन शब्द मावायचे. पुढचा शब्द बघायला भिंग सरकवायचं, तोवर बाण कुठेतरी गेलेला. तो शोधायला मान वाकडी करून डोळ्याच्या कडेने सगळा पडदा पिंजून काढायचा. थोड्या वेळात गरगरायला लागायचं. एकदा त्यांनी अख्खा मजकूर टाइप केला आणि नंतर कळलं की क्लिक भलतीकडेच झालं होतं, एक अक्षर उमटलेलं नव्हतं. मी अजून मोठं करून दिलं, रंग बदलून दिले. काही दिवसांनी गेले तेव्हा कॉम्प्युटरवर क्रोशाचं आवरण घातलेलं होतं आणि सगळ्या वायरी काढून गुंडाळून ठेवल्या होत्या. बाई म्हणाल्या, न्या आता. मी ते आवरण काढून हातात घेतलं.

तेवढ्यात विहारातून एका भाऊंचा फोन आला. सभेची सूचना तातडीने टाइप करून हवी होती. बाईंच्या तोंडून 'नाही' निघेना. मी खुणेने म्हटलं, घ्या, मी आहे. मी वायरी जोडल्या, कोरं पान उघडून दिलं. बाईंनी फोन स्पीकरवर ठेवला, भाऊ सांगत गेले आणि बाईंची बोटं चालू झाली. माझ्या हातात ते क्रोशाचं आवरण तसंच होतं. मी पडद्याकडे बघत होते, आणि बाई दाराकडे बघत होत्या. सूचना संपली. एकही चूक नव्हती.

मी विचारलं, "बाई, टाइप करताना तुम्ही पडद्याकडे बघितलंच नाहीत?"

त्या म्हणाल्या, "टाइप करताना कशाला बघायचं?"

मग त्यांनी टायपिंग इन्स्टिट्यूटची पद्धत सांगितली. तिथले सर नव्या मुलींच्या हातांवर पुठ्ठ्याचं खोकं उपडं घालायचे. बोटं खोक्यात, नजर शेजारच्या मजकुरावर. कीबोर्डकडे बघितलं की पट्टी, आणि काय उमटलंय ते बघायला मान वर केली की पुन्हा पट्टी, कारण मान वर केली की वेग जातो. पास होईपर्यंत खोकं निघायचं नाही. बाईंनी हे इतक्या सहज सांगितलं, जणू त्यात विशेष काहीच नाही. मी मात्र खुर्चीत बसले. म्हणजे टायपिंगला त्यांना डोळे लागतच नव्हते. डोळे लागत होते दोनच गोष्टींना, एक माउसचा बाण शोधायला आणि दुसरं टाइप झालेलं तपासायला. मी इतके दिवस सगळी शक्ती त्यांना बाण दाखवण्यात घालवत होते.

मी माउसची वायर काढली आणि माउस माझ्या पर्समध्ये टाकला. बाई दचकल्या. म्हणाल्या, अहो, मग मी फाइल उघडू कशी? मी म्हटलं, मार्केट यार्डात बाळासाहेबांनी उघडली तशी.

बाळासाहेब म्हणजे कांदा-बटाटा विभागातले आडते. त्यांच्याकडून एकदा फोन आला, "मॅडम, लवकर या. कॉम्प्युटर डोक्यावर उभा राह्यलाय." मी गेले तर गाळ्यात हमालांची गर्दी आणि टेबलावर मॉनिटर खरोखरच उलटा, दोन्ही बाजूंनी कांद्याच्या गोण्यांचा टेका देऊन. कीबोर्डवर काहीतरी जड ठेवलं गेलं होतं, त्यात नको ती बटणं दाबली गेली आणि पडद्यावरचं चित्र उलटं झालं. बाळासाहेबांनी सरळ मॉनिटर उलटा करून काम पुढे चालू ठेवलं. फक्त गोण्यांनी टेबल इतकं भरलं की माउस हलवायला जागाच उरली नाही. त्यावर त्यांच्या मुनीमजींनी तोडगा काढला, माउसच फेकून दिला आणि सगळं बटणांवर चालवलं. मी कंट्रोल, आल्ट आणि वरचा बाण एकदम दाबला आणि चित्र सरळ झालं. सगळ्याच कॉम्प्युटरवर हे चालत नाही, पण करून बघायला हरकत नाही. मॉनिटर सरळ करताना बाळासाहेबांना थोडं वाईटच वाटलं. म्हणाले, "आता कुठं हात बसला व्हता."

ही गोष्ट ऐकून बाई बऱ्याच दिवसांनी मोकळ्या हसल्या. मग आम्ही शिकायला बसलो. माउसने होणारं जवळजवळ प्रत्येक काम कीबोर्डने होतं, हे लोकांना पटत नाही. खिडकीचं बटण आणि एकचा आकडा दाबला की खालच्या पट्टीवरचा पहिला प्रोग्रॅम उघडतो, दोन दाबला की दुसरा. बाईंचा टायपिंगचा प्रोग्रॅम मी पहिला लावून दिला. आल्ट धरून टॅब दाबला की एका कामातून दुसऱ्या कामात जाता येतं. कंट्रोल आणि एस म्हणजे जतन करा, आणि हे दर परिच्छेदाला दाबायचं. कंट्रोल आणि पी म्हणजे प्रिंट. फाइलचं नाव बदलायला एफ टू. आल्ट आणि एफ फोर दाबलं की समोरचं बंद. खिडकीचं बटण आणि व्ही दाबलं की मागे कॉपी केलेलं सगळं पुन्हा हाती येतं, पण ही सोय एकदा चालू करावी लागते. वकिली मजकुरात तीच ती वाक्यं सतत येतात, ती बाईंनी तिथे कायमची टाचून ठेवली. सगळं शिकवायला मला जेवढा वेळ लागला त्याहून कमी वेळ त्यांना शिकायला लागला. बोटांना एकदा जागा कळली की त्या पुन्हा विचारायच्या नाहीत.

राहिलं तपासणं. त्यालाही उपाय होता. पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारा आवाज कॉम्प्युटरमध्ये असतो. खिडकीचं बटण, कंट्रोल आणि एंटर एकदम दाबलं की तो बोलू लागतो. त्याचं इंग्रजी बरं, मराठीसाठी मी एक फुकट मिळणारा वेगळा प्रोग्रॅम घालून दिला. त्यातला मराठी आवाज सर्दी झालेल्या माणसासारखा आहे, पण वाचतो प्रामाणिकपणे. बाईंनी उत्साहाने त्यांची एक जुनी फाइल उघडली आणि आवाजाने वाचायला सुरुवात केली. 'एल, के, स्लॅश, कंस, एच.' नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, न थांबता. बाईंनी मला विचारलं की हे काय बोलतंय, आणि मला कळून चुकलं.

हे जरा समजून घ्या, कारण पुण्यातल्या निम्म्या टायपिस्टांची हीच गत आहे. जुने मराठी फाँट म्हणजे एक प्रकारचं सोंग असतं. पडद्यावर आपल्याला 'क' दिसतो, पण कॉम्प्युटरच्या पोटात ते एखादं इंग्रजी अक्षरच असतं, वरून 'क'चं चित्र चढवलेलं. बघणाऱ्याला फरक कळत नाही. वाचून दाखवणारा आवाज मात्र चित्र बघत नाही, पोटातलं वाचतो. त्यावर उपाय म्हणजे युनिकोड, ज्यात 'क' हा आतूनही 'क'च असतो. पण युनिकोडची नेहमीची मराठी मांडणी वेगळी. प्रत्येक अक्षराची जागा बदललेली. बाईंची बोटं टाइपरायटरच्या मांडणीवर घडलेली, आणि आमचा सगळा डोलारा त्या बोटांवरच उभा. या वयात बोटांना नवीन शिकवायचं म्हटलं तर वेग गेला आणि कामही गेलं. बाईंना मी हे समजावून सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या की मॅडम, तुम्ही पुष्कळ केलंत.

त्या संध्याकाळी मी प्रज्ञाला फोन केला. आधी तिने मलाच सुनावलं, की आईला उगाच होप देऊ नका, तिला त्रास होतो. मी तिला म्हटलं, रविवारी ये आणि आई टाइप करताना फक्त बघ. ती आली, दारातच उभी राहिली. आई फोनवर कुणाशी तरी बोलता बोलता, भिंतीकडे तोंड करून, पान भरत होती. लहानपणापासून बघितलेलंच दृश्य, पण ते आता तिला नव्याने दिसलं असावं. ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "ओके. प्रॉब्लेम नक्की काय आहे ते सांगा." टाइपरायटरच्या मांडणीने बोटं चालवली तरी युनिकोड उमटवणारा कीबोर्ड असतो असं मी ऐकलं होतं, पण जो सापडत होता तो बाईंच्या कॉम्प्युटरवर नीट बसत नव्हता. प्रज्ञाने तो बसवला. दोन-तीन चिन्हांच्या जागा बाईंच्या सवयीपेक्षा वेगळ्या होत्या, त्याही तिने बदलून दिल्या. मग वाघोलीला परत गेल्यावर तिथूनच आईचा कॉम्प्युटर उघडून तिने सगळ्या जुन्या फाइली नव्यात रूपांतरित केल्या. हेही एक सांगून ठेवते. आपल्या परवानगीने लांबच्या माणसाला आपला पडदा बघता यावा अशी सोय कॉम्प्युटरमध्येच असते. घरच्या विश्वासाच्या माणसासाठी ती जरूर वापरा. अनोळखी माणसाने फोन करून मागितली तर फोन ठेवून द्या, सभ्यपणाची गरज नाही.

बाई आता टाइप करायच्या, मग एकेक ओळ ऐकायच्या, आणि आकडा आला की उजव्या बाणाने एकेक अंक वेगळा ऐकायच्या. चूक कानाला लगेच टोचते असं त्यांचं म्हणणं. प्रबंधवाली एक मुलगी आली, विहाराची पत्रिका झाली. पडद्याच्या उजेडाचा डोळ्यांना त्रास होतो म्हणून त्या मॉनिटर बंदच ठेवू लागल्या. वेग जुनाच. मला त्यांचा फार अभिमान वाटत होता. पण एक गोष्ट त्यांनी अजून केली नव्हती. डोळ्यांचं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि देशमुख वकिलांचा फोन अजून आला नव्हता. मी म्हटलं, तुम्हीच करा की. त्या म्हणाल्या, काय सांगून करू? चूक झाली ती अशी झाली म्हणून? मग ते दया म्हणून काम देतील, नाहीतर भीतीने देणार नाहीत.

अखेर वकीलसाहेबांचाच फोन आला. दुसरीकडे दिलेलं काम मनासारखं होत नव्हतं म्हणे, येऊ का? बाईंनी मला बोलावून घेतलं, निमित्त प्रिंटरचं. मी प्रिंटर उघडून उगाच पुसत बसले.

वकीलसाहेब आले, खुर्चीवर बसले, फाइल मांडीवर उघडली आणि काळ्या पडद्याकडे बघून त्यांनी विचारलं, "लाइट नाही का बाई?"

"लाइट आहे साहेब," बाई म्हणाल्या. "पडदा मी बंद ठेवते. मला आता वाचता येत नाही. गट नंबर चुकला तो त्यामुळेच. तेव्हा तुम्हाला सांगायला हवं होतं."

वकीलसाहेबांनी फाइल मिटली. मला वाटलं, आता उठतात. बाईंनी शांतपणे पुढचं सांगितलं. टाइप मी पूर्वीही न बघताच करत होते, तपासणं बघून व्हायचं ते आता ऐकून होतं, आकडे एकेक ऐकते, प्रिंट काढल्यावर सहीपूर्वी तुम्ही एकदा वाचा, तेवढं केलंत की झालं. आणि नाही पटलं तर तसं स्पष्ट सांगा, मला वाईट वाटेल पण चालेल. एवढं बोलून त्यांनी हात कीबोर्डवर ठेवले.

वकीलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग फाइल उघडली.

"मग मी जरा हळू सांगू का?"

"हळू नको," बाई म्हणाल्या. "तुम्ही नेहमी सांगता तसंच सांगा. हळू सांगितलंत तर माझी लय तुटते."

वकीलसाहेबांनी घसा साफ केला आणि एका दमात पहिलं लांबलचक वाक्य सांगितलं. बाईंची बोटं त्यांच्याबरोबर धावली आणि वाक्याच्या शेवटी त्यांच्याबरोबरच थांबली. ते काळ्या पडद्याकडे बघत तसेच बसून राहिले, काही उमटेल म्हणून वाट बघावी तसे.

"पुढे," बाई म्हणाल्या.